शनिवारचा गरम डबा

आक्का, तुझंच खरं धरायचं तर हे सगळं मी भिंतीला सांगतोय. मेलेलं माणूस झोपलेलं असतं, त्याला काही कळत नाही, काही ऐकू येत नाही, शेवटच्या दिवशी देव हाक मारील तेव्हाच ते उठेल, हे तूच मला लहानपणी शिकवलंस. बाकीचे लोक आपल्या माणसाला वर पाठवून मोकळे होतात. तो वरून बघतोय म्हणतात, डोळे पुसतात आणि जेवायला बसतात. आपल्या शनिवारवाल्यांना तेवढीही सोय नाही. तू गेलीस त्यानंतर दोन शनिवार होऊन गेले. रोज मी तुझ्याशी काही ना काही बोलतो. तुला कळलं असतं तर म्हणाली असतीस, "बेन्या, कुणाशी बोलतोस रं? मी हाय का हितं?"

नाहीस. ठाऊक आहे मला. तरी बोलतो. तुझं न ऐकायची मला जुनी सवय आहे.

मातीच्या वेळी पाळकसाहेब चांगलं बोलले. सेवाभावी होतीस, प्रार्थनाशील होतीस, बरंच काही होतीस. मी मागे उभा राहून मनात म्हणत होतो, अहो, ती कडक होती, हट्टी होती, आणि बर्गर करावा तर तिनंच, हे कोण सांगणार? कुणीच सांगितलं नाही. इथे साखर कारखान्यात मी एकदा 'बर्गर' म्हणालो तर ऊस तोलायच्या काट्यावरचा माणूस म्हणाला, "कोन हो हे? नवं साह्यब का?" त्याला काय सांगू? शाकाहारी ख्रिस्ती असतात हेच मुळात कुणाला पटत नाही. "आसं कसं? मटान न्हाई? चा सुद्धा न्हाई?" नाही बाबा. मटण नाही, चहा नाही, शनिवारी काम नाही. ॲडव्हेंटिस्ट म्हटलं तर जीभ वळत नाही, म्हणून मी आपलं 'शनिवारवाले' सांगतो.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा आणि तू चौदाची. आप्पा मिशनच्या कंपाउंडात माळीकाम करायचे. साताऱ्याचं ते कंपाउंड म्हणजे आपलं सगळं जग. दवाखाना, चर्च म्हणजे आपलं देऊळ, शाळा, अमेरिकन डॉक्टरांचा बंगला, आणि मागच्या अंगाला आपल्या खोल्या. पंधराव्या वर्षी तू बंगल्याच्या स्वयंपाकघरात गेलीस आणि मडमसाहेबांनी तुला बर्गर शिकवला. त्यांच्या मुलखात तो मांसाचा करतात म्हणे. पण त्या तुझ्यापेक्षा कडक. त्यांनी कणकेचा शोधून काढलेला.

कणीक घट्ट मळायची, तासभर पाण्यात बुडवून ठेवायची, मग त्याच पाण्यात ती धूत बसायचं. पाणी पांढरं होतं, ते टाकायचं. परत पाणी, परत धुणं. शेवटी हातात चिवट गोळा उरतो. शेजारच्या बायका हसायच्या. "कुरडईला आमी चीक ठेवतो नि चोथा टाकतो, ही बया चीक टाकून चोथा ठेवती." तो गोळा उकडायचा, बारीक करायचा, त्यात शिजवलेली मसूर, भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट, कांदा, शिळ्या पावाचा चुरा. चपट्या वड्या थापून तव्यावर लालसर करायच्या आणि घरी भाजलेल्या गोल पावात घालायच्या. मडमसाहेब होत्या तोवर तिखटाचं नाव नव्हतं. त्या बोटीत बसल्या आणि पुढच्याच शुक्रवारी तू हिरवी मिरची घातलीस. घास घेतल्याबरोबर मी तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालीस, "काय बगतोस? बायबलात मिरचीचं काय लिवलेलं न्हाई." तुझ्या उभ्या आयुष्यातलं एवढंच बंड मला ठाऊक आहे.

एवढंच नाही. आणखी एक आहे. ते सांगतोच.

शुक्रवार आला की कंपाउंडात नुसती धांदल. दिवस बुडायच्या आत सगळं उरकायचं. पाणी भरायचं, बूट पुसायचे, कपड्यांना इस्त्री, अंघोळी, आणि शनिवारचा सगळा स्वयंपाक. दिवस बुडाला की चूल बंद, ती दुसऱ्या दिवशी दिवस बुडेपर्यंत. शनिवारी उपासना सुटली की झाडाखाली सतरंज्या पडायच्या. घराघरांतून डबे यायचे आणि सगळं थंडगार. थंड पाव, थंड बर्गर, थंड उसळ, शेंगदाण्याचं लोणी. मला त्या वेळी वाटायचं, शनिवारी गरम जेवण ही इतर जातींची पद्धत असावी. पण रात्रभर बसलेला बर्गर, आक्का! कूट मुरायचं, मिरची उतरायची, पाव खालून जरासा ओला झालेला असायचा. वीस वर्षं मी तो खाल्ला आणि एका शनिवारीही म्हणालो नाही की गरम असता तर बरं झालं असतं.

जेवण झालं की दुपार सरता सरत नसे. शनिवारी खेळायचं नाही. विटीदांडू नाही, आरडाओरडा नाही, झाडावर चढायचं नाही. पोरं पायरीवर बसून यवतेश्वरच्या डोंगराकडं टक लावायची. दिवस त्याच्यामागं बुडायचा. मी दर पाच मिनिटांनी तुझ्याकडं यायचो. "आक्का, दिवस बुडाला का?" "न्हाई." "आता?" "न्हाई रं." मग कधीतरी तू चौकटीतून बाहेर बघायचीस. डोंगरमाथ्यावर चांगलं पिवळं ऊन असायचं. मला दिसायचं, तुलाही दिसायचं. आणि तू म्हणायचीस, "बुडाला. जा, पळ." अख्ख्या कंपाउंडात शनिवार सगळ्यात कडक पाळणारी तू, आणि माझ्यासाठी दर आठवड्याला देवासमोर खोटं बोलायचीस. मी कधी विचारलं नाही का ते. पोराला खेळायला मिळालं की त्याला काय पडलंय!

मग सगळं विस्कटलं. डॉक्टर गेले, त्यांच्या मागून आलेलेही गेले. दवाखाना आटला, शाळा बंद पडली. कुणी पुण्याला, कुणी मिरजेला. आप्पा गेले. तू राहिलीस दोन खोल्यांत, उरलेल्या चार घरांचे पाव भाजत. मी इस्लामपूरला कारखान्यात लागलो. उसाच्या काट्यावरचा कारकून. हंगाम सुरू झाला की गाड्यांची रांग लागते, शनिवार-रविवार कोण बघतो? मी वरच्यांना सांगून पाहिलं की मला शनिवारी सुट्टी द्या, रविवारी दुप्पट करतो. ते म्हणाले, "आन् ऊस काय शनवारी वाळायचा थांबतो काय?" बायकोला दिवस गेले होते. मी शनिवारी काट्यावर बसलो.

तुला कळलं तेव्हा तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर मीही ओरडलो असतो आणि मिटलं असतं. तू शांतपणे म्हणालीस, "तुझं तू बग. पर शनवारी काम करून शनवारचं जेवान मागू नगंस." मला झोंबलं. मी म्हणालो, "तुझं थंडगार जेवण तुलाच लखलाभ. मी गरम खाईन." झालं. भावाबहिणीत आयुष्यभराचं भांडण लागायला एवढं पुरतं.

सहा वर्षं, आक्का. हंगाम नसला की मी रविवारी साताऱ्याला यायचो. तू पिठलं-भाकरी करायचीस, गरम, तव्यावरून थेट ताटात. कोपऱ्यातल्या जाळीच्या कपाटातून बर्गरचा वास यायचा. ताटात कधी आला नाही. तू वाढला नाहीस, मी मागितला नाही. मागितला असता तर दिला असतास, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मागायचं कोणी? दोघंही आप्पांचीच पोरं.

नंतर तुझे पाय सुजायला लागले. दहा पावलं चाललीस की धाप. सांगलीच्या दवाखान्यात आणलं तुला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, बघू या. 'बघू या' म्हणणारा डॉक्टर किती बघतोय ते आपल्याला समजतं. मी पाळी संपली की इस्लामपूरहून एसटीनं यायचो. तुझ्या शेजारच्या खाटेवर पलूसच्या चंपाकाकू होत्या. जैन, बागायतदार घरातल्या, कंबर मोडलेली पण तोंड खणखणीत. तुमची दोघींची गट्टी जमली. त्या दिवस मावळायच्या आत जेवायच्या आणि मावळल्यावर पाणी सोडून काही घ्यायच्या नाहीत. तू शनिवारी दिवस मावळायची वाट बघायचीस. चंपाकाकू म्हणायच्या, "बाई, तुमचा नि आमचा देव एकच घड्याळ वापरतोय बगा. तुमाला पुढं, आमाला मागं." तू हसायचीस आणि हसताना धाप लागायची.

त्या मंगळवारी तू आपणहून म्हणालीस, "बेन्या, बर्गर खावासा वाटतोय रं." सहा वर्षांनी तो शब्द तुझ्या तोंडून माझ्यासमोर निघाला होता. मी म्हणालो, "करून आणतो की. सांग कसा करायचा." आणि तू खाटेवरून सांगायला लागलीस. मध्येच थांबत, दम घेत. कणीक कितीदा धुवायची, पाणी कसं झालं म्हणजे थांबायचं. "कूट लय बारीक करू नगंस. दाताखाली आलं पायजे." मी कारखान्याच्या चिठ्ठीमागं लिहून घेत होतो. "पाव तिकडच्या बेकरीतला आण, चालंल." मी म्हणालो, शनिवारी येतो, तेव्हा आणतो. तू म्हणालीस, "शनवारी आण. शनवारीच गोड लागतं ते."

मी गाढव. मला वाटलं, मला सगळं कळलं.

शुक्रवारी दुसऱ्याची पाळी करून दिली, म्हणजे शनिवारी दुपारपर्यंत मोकळा होतो. घरी आलो तेव्हा दिवस कधीच बुडाला होता. शनिवारी अंधारातच उठलो. कणीक मळली, धुतली. सुमन, माझी बायको, डोळे चोळत बघत होती. "आवं, पीठ वाया चाललंय सगळं." मी म्हणालो, गप बस. वड्या तव्यावर टाकल्या आणि वास आला, आक्का! एकदम कंपाउंड. सुमनला म्हणालो, गरमच गेले पाहिजेत तिला. डबा पंच्यात बांधला, त्यावर जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळला. एसटीत मांडीवर धरून बसलो. तास-दीड तासात उतरलो तरी डबा हाताला चटका देत होता. मला एवढा आनंद झाला होता की मी वॉर्डात पळतच आलो.

तू उठून बसलीस. डबा हातात घेतलास. गोधडी सोडलीस. आणि पंच्यावरूनच झाकणावर तळहात ठेवून तशीच राहिलीस.

"गरम हाय," तू म्हणालीस.

"मग? गरमच आणलाय तुझ्यासाठी. बघ तरी."

"कवा केलास?"

"आत्ता. पहाटे उठून."

तू डबा उघडला नाहीस. उशाशी ठेवलास. "राहू दे," म्हणालीस.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. शनिवारच्या चुलीवरचा घास. जन्मापासून शुक्रवारी रांधलेलं खाल्लेला मी, आणि नेमका तुझ्याकडं शनिवारी गरम डबा घेऊन आलो. कंपाउंडातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. मी तेव्हा काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, चुकलं, आक्का. दोन शब्द. त्याऐवजी माझं डोकं फिरलं. सहा वर्षांचं पिठलं वर आलं. मी म्हणालो, "मरायला टेकलीस तरी शनिवार सुटत नाही का तुझा? देव काय दवाखान्यात घड्याळ घेऊन बसलाय? कुणासाठी केलं मी हे?" वॉर्डातल्या बायका बघायला लागल्या. चंपाकाकू म्हणाल्या, "आवं दादा, हळू." तू म्हणालीस, "बेन्या, बस जरा."

मी बसलो नाही. मला पाळीला जायचंय म्हणालो. पाळी चारची होती, तेव्हा अकराही वाजले नव्हते. मी स्टँडवर जाऊन दोन तास बाकावर बसलो, पण तुझ्याजवळ बसलो नाही. 'बस जरा' हे तुझं मला शेवटचं वाक्य. साधं बसायचं होतं, आक्का. तेवढंही केलं नाही.

रविवारी सकाळी कारखान्याच्या ऑफिसात फोन आला. मी आलो तेव्हा तुला चादरीनं झाकलेलं होतं. उशाशी डबा होता, पंचा तसाच बांधलेला. चंपाकाकूंनी मला जवळ बोलावलं. त्यांना माझा राग आला असेल असं वाटलं होतं. तसं काही नव्हतं. माझा हात धरून त्या रडायलाच लागल्या.

"दादा, तुमी गेला तवा म्हनल्या मला, चिडकं हाय, पर पहाटं उठलं माज्यासाठी. दिवस बुडाला की खाते म्हनल्या. शनवार सरला म्हंजे चालतंय म्हनं त्यास्नी. मंग दुपारधरनं इचाराय लागल्या, काकू, दिवस बुडाला का? खिडकी माज्या बाजूला न्हवं का. मी म्हनलं, न्हाई वो, भिंतीवर ऊन हाय अजून. परत इचारलं, बुडाला का? मी म्हनलं, जरा ऱ्हायलाय. माजं ताट आलं हुतं, मी तवा जेवत हुते, दिवस असतानाच जेवायचं आमचं. तिसऱ्यांदा इचारलं, लय बारीक आवाजात. मी बगितलं तर वरच्या काठाला टीचभर ऊन. खोटं कसं बोलू वो? माजाबी नेम त्याच उन्हावर. म्हनलं, आत्ता बुडंल बगा, आत्ता. वळून बगितलं तर..."

त्यांचा काही दोष नाही, आक्का. त्या माउलीनं तेच केलं जे मी सोडून सगळ्यांशी तू चाळीस वर्षं केलंस. सूर्य बघितला आणि खरं सांगितलं.

तू गेल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी मी रजा काढली. दिवसाउजेडी कणीक धुतली, मसूर शिजवली, पावणेसहाला चूल विझवली. सुमननं कूट करून दिलं. शनिवारी दुपारी डबा उघडला. तू सांगितलंस तसाच झाला होता. कूट दाताखाली येत होतं, पाव खालून ओला झाला होता. एक घास खाल्ला. दुसरा खाली जाईना. मला वाटलं होतं, थंड खाल्ला की काहीतरी फिटेल. काही फिटत नाही. ज्यांच्याबरोबर खायचा ती माणसं गेली, ते झाड गेलं, कंपाउंडात आता गवत कमरेएवढं आहे. राहिला तो मी, आणि मला नीट करता आला तोवर तू नव्हतीस. पुढच्या शनिवारी मी परत काट्यावर बसलो. पोटाला पाहिजे. त्याबद्दल तुला जे म्हणायचं ते म्हण, मला ऐकू येणार नाही आणि तुला बोलता येणार नाही. दोघं एकदाचे सारखे झालो.

पाळकसाहेब म्हणतात, शेवटच्या दिवशी भेट होईलच. तू उठशील. तुझं मी खरं धरतो. माझं काय, ते मला माहीत नाही. शनिवारी गाड्या मोजणाऱ्याला त्या दिवशी कोण उठवणार? म्हणून आत्ताच सांगून टाकतो, भिंतीला तर भिंतीला.

त्या संध्याकाळी मी काट्यावर होतो. डोक्यात राग होता, पुढं बैलगाड्यांची रांग होती. उसाच्या मोळ्यांमागं दिवस खाली येत होता आणि मी त्याच्याकडं बघत होतो. तू तिथं विचारत होतीस आणि मी इथं तोच सूर्य बघत होतो. बराच वर होता तो. हातभर. चांगलं पिवळं ऊन होतं. मी तुझ्याजवळ बसलेलो असतो आणि तू मला विचारलं असतंस, तर मी खिडकीकडं बघितलंसुद्धा नसतं. तू शिकवलंस तसंच खोटं बोललो असतो.

बुडाला, आक्का. कवाच बुडाला. खा.